उत्तर आलं नाही तर गाव द्यायचं

६ नोव्हें., गुरु.

पेजेत मीठ कमी पडलं होतं. यांनी वाटीकडे बोट केलं, बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाले, "समुद्र... वाळलेला."

मी मिठाची बरणी पुढे केली. मान डोलावली. मग एकमेकांकडे पाहून इतके हसलो की पेज यांच्या हनुवटीवरून शर्टावर.

श्रावणात झटका आला तेव्हापासून शब्द गेलेत. सगळे नाहीत. वस्तू ओळखतात, वापरतात, नाव तेवढं सापडत नाही. "हो" आणि "नाही" यांची तर सारखी अदलाबदल. उजवा हात लुळा, चालणं काठीवर. उमेदीची सगळी वर्षं न्हावा शेवाच्या बंदरात टगवर सारंग होते. डोंगराएवढी परदेशी जहाजं दोर लावून ओढून आणली. आता "मीठ" एवढासा शब्द धक्क्याला लागत नाही.

पण "वाळलेला समुद्र"! सगळे शब्द हाताशी होते तेव्हा इतकं सुंदर काही बोलल्याचं आठवत नाही. तेव्हा "मीठ कुठाय?" एवढंच.

बी.पी. ठीक. रात्रीच्या गोळ्या दिल्या.

९ नोव्हें., रवि.

चांगुणा येऊन गेली. भिंतीला भिंत लागून तिचं घर. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत असतात. वारा फिरला की आमच्या उशासुद्धा बोंबलाच्या. मी तिला मिठाचं सांगितलं तर मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगो वयनी, ही तं आयची कोरी झाली!"

आय म्हणजे माझ्या सासूबाई. कोरी म्हणजे कोडी. होड्या बाहेर असल्या की वाडीतल्या बायका संध्याकाळी आमच्या ओट्यावर जमायच्या आणि सासूबाई एकामागून एक कोडी घालायच्या. वारा वाढला की कोडीही वाढायची. समुद्राविषयी कुणी चकार शब्द काढायचा नाही, कोण आलं, कोण नाही आलं, काही नाही. फक्त कोडी. आणि उत्तर आलं नाही तर गाव द्यायचं. "बोर्ली दिली" म्हणायचं, म्हणजे हरलो. मग घालणारीने उत्तर सांगायचं. गाव पसंत नसेल तर परतही करता येई: "नको गो, तिथल्या विहिरी खाऱ्या."

मी सिस्टरांच्या बोर्डिंगात वाढलेली. लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी काही न सुचून उरण देऊन टाकलं. माझं माहेर. सासूबाई म्हणाल्या, "झालं. आता रुसून जायला जागा न्हाय तुला."

चांगुणाने ठरवून टाकलंय: रोज संध्याकाळी दादूस (यांना ती दादूस म्हणते) कोडी घालणार, आपण ओळखायची. मला विचारलं नाही. यांनाही नाही. पण हे केव्हापासून तिच्याकडे पाहून मान हलवत होते.

१२ नोव्हें., बुध.

ओट्यावर चांगुणा, मी आणि पांडू तांडेल. पांडूभावोजी यांच्या शाळेपासूनचे मित्र. अजून होडीवर जातात, गुडघे दुखत असले तरी.

"चहा... पोलीस."

गाळणं! भावोजींनी ओळखलं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

"डोक्याचा धक्का." उशी. हे मला आलं.

"पाय न्हाय... चाल... घरभर." कुणाला येईना. केरसुणी? वास? चांगुणाची सून? (तिला पाय आहेत, पण ती वापरत नाही, इति चांगुणा.) शेवटी भावोजींनी म्हसळा दिला. चांगुणाने दिघी दिली, जेट्टीसकट.

आता गंमत अशी की हरल्यावर उत्तर ऐकायचं असतं, आणि उत्तर यांना सांगताच येत नाही. नाव सापडलं असतं तर कोडं कशाला घातलं असतं? म्हणजे गाव पदरात आणि उत्तर गुलदस्त्यात. "दादूस, तू तं लुटारू हाईस," चांगुणा म्हणाली. हे हसले. हसू डावीकडे वर जातं, उजवी बाजू जागची हलत नाही. मी डावीकडेच बसते.

१३ नोव्हें., गुरु.

"पाय न्हाय" म्हणजे कवडसा. सकाळी खोलीत आला तेव्हा यांनी काठीने दाखवला. भिंतीवरून, कपाटावरून, दुपारपर्यंत खरंच घरभर चालला. आम्ही दोघं बसून बघत होतो.

१५ नोव्हें., शनि.

नीताचा फोन. ती कामोठ्याला असते. तिने पनवेलच्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमना व्हिडिओवर घेतलं. मॅडम पोरसवदा, पण धीर देणाऱ्या. कोड्यांचं ऐकून खूश. हसताना माणूस घाबरत नाही, घाबरला नाही की शब्द सोपे पडतात, खेळ चालू ठेवा म्हणाल्या. शेवटी यांना विचारलं, मी कोण? हे म्हणाले, "पनवेल... खिडकी."

नीता म्हणाली, "पप्पा, सो क्यूट! आई, तू रेकॉर्ड करून ठेव ना."

केलं नाही. ते असं आवाजात साठवून ठेवायचं म्हणजे... नको.

१८ नोव्हें., मंगळ.

आज दिवसभर सिस्टर अ‍ॅग्नेस डोळ्यांपुढे. का ते ठाऊक आहे.

बोर्डिंगात जेवताना बोलायला बंदी असे. मीठ हवं तर दोन बोटं चोळायची, पाव हवा तर मूठ. सगळ्या मुली मुक्या, आणि तरी टेबलाखाली हसू दाबता दाबता जीव जायचा. सिस्टर अ‍ॅग्नेस स्वयंपाकघर बघायच्या. गोव्याच्या, जाड्या, हाताला कायम लसणाचा वास. एकदा सकाळच्या तासाला त्यांनी मला वर्गातून बोलावून नेलं. स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, मूठ पुढे केली. ओळख, आत काय? मी म्हटलं, लवंग. बेदाणा निघाला. मला दिला. परत मूठ. दालचिनी, काजू, साखरेचा खडा. नाही ओळखलं तरी खायला मिळे. मी खिदळत होते. केवढं भाग्य, वर्ग चुकला. खूप वेळ ते चाललं. मग फाटक वाजलं आणि माझे काका दिसले, अनवाणी. बाबा त्याच पहाटे गेले होते.

सिस्टरांनी मला तेवढा वेळ दिला. त्यांचे उपकार मी विसरले नाही. पण तेव्हापासून कुणी मला फार हसवायला लागलं की फाटकाकडे लक्ष जातं.

हल्ली संध्याकाळी आमच्या ओट्यावर फार हसू असतं.

२२ नोव्हें., शनि.

चांगुणाने आज आयचं जुनं कोडं काढलं: "जिता व्हता तवा लुला, मेला तवा ताठ." उत्तर वाळलेला बोंबील. सगळ्यांना माहीत. पण "लुला" म्हटल्यावर तिने जीभ चावली. भावोजी तंबाखूची पुडी सोडायला लागले. कुणी यांच्याकडे बघेना.

यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, बोंबलासारखा हवेत लोंबवला आणि ताठ करून दाखवला. मग डोळे मिटून मेल्याचं सोंग. चांगुणा हसता हसता रडायला लागली. "मेल्या दादूस, आसं करू नको रं."

मीही हसले. खरं सांगते, हसले. रात्री तो हात तेलाने चोळताना तो किती थंड असतो ते...

२५ नोव्हें., मंगळ.

आज नवीन कोडं. आणि भांडण.

चहा झाला होता. हे एकाएकी ताठ बसले. "जाळं," म्हणाले. मग डावा हात तोंडापुढे वरून खाली आणला. "वरून... पडलं. अर्धा सूर्य."

भावोजी खुलले, जाळं हा त्यांचा प्रांत. पाग! मच्छरदाणी! ग्रहण! चांगुणाने कोळिष्टक म्हटलं, मी पडदा म्हटलं. पडद्याला यांनी माझा हात घट्ट धरला. "हो, हो, हो," म्हणाले. आता यांचं हो म्हणजे नाहीसुद्धा असतं. मी खिडकीचा पडदा दाखवला. यांनी मान झटकली. मग दाराचा. परत झटकली. चांगुणा म्हणाली, "हरलो बाबा, घे, श्रीवर्धन दिलं. देवळासकट घे." एवढं मोठं गाव आजवर कुणी दिलं नव्हतं.

यांनी काठी ओट्यावर आपटली. पुन्हा आपटली. "गाव न्हाय! न्हाय!" डोळ्यांत पाणी. थोड्या वेळाने आपोआप शांत झाले, इकडेतिकडे पाहिलं, उरलेला चहा मागितला. चांगुणा जाताना कानात म्हणाली, "श्रीवर्धन दिलं तरी रुसला. आता काय मुंबई देऊ?"

२७ नोव्हें., गुरु.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, फळं ठेवली. हे बाजूला बसून बघत होते. प्रसादाचं केळं घेताना हात डावीकडे, केळ्याच्या बाजूला हवेतच गेला. मी केळं हातात दिलं. म्हटलं लक्ष नसेल.

संध्याकाळी कोडी नाहीत. चांगुणाचा उपास आणि यांचा अबोला.

समुद्र आज अगदी गप्प आहे. वाडीत हे चांगलं लक्षण मानत नाहीत, पण तसं कुणी तोंडाने बोलतही नाही.

३० नोव्हें., रवि.

परत तेच. "जाळं. वरून."

चांगुणाने उडवून लावलं. "जुनं कोरं न्हाय चालाचं दादूस. आयचा नियम. एकदा गाव घेतलास ना? नवा घाल." भावोजी म्हणाले, याचं होडीवरचं काहीतरी जुनं आठवत असेल, एकदा शीड अंगावर पडलं होतं ते. मग ती शिडाची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. आम्ही हसलो. हे हसले नाहीत. माझ्याकडे बघत होते, म्हणजे तोंड माझ्याकडे होतं. मला वाटलं, हे मला शोधताहेत.

मी एवढ्या जवळ बसलेली असताना शोधायचं कशाला?

२ डिसें., मंगळ.

सकाळ. घरात आम्ही दोघंच. हे दाढी करत होते, डाव्या हाताने जमतं आता. आरसा मी धरला होता. हात थांबला. फेस तसाच. म्हणाले, "आलं." कोण आलं? मी दाराकडे पाहिलं.

यांनी वस्तरा ठेवला. डाव्या तळहाताने उजवा डोळा झाकला आणि आरशाकडे बघत राहिले. मग डावा डोळा झाकला. मग परत उजवा. परत डावा. शाळेत डोळे तपासायला येत तसं. उजवा झाकला की तोंड भेदरायचं. डावा झाकला की निवळायचं.

"दिसत नाही?" मी विचारलं. "या डोळ्याने दिसत नाही?"

"जाळं," हे म्हणाले. इतक्या हळू. आणि रडायला लागले. पण ते रडणं दुःखाचं वाटलं नाही. रस्ता चुकलेल्याला कुणी हाक मारावी तसं.

चहा होईपर्यंत डोळा पुन्हा ठीक. मी नीताला फोन केला. नीताने मॅडमना. मॅडमचा लगेच मला. हसत नव्हत्या. "एकाच डोळ्याला? वरून खाली? आणि आपोआप जातं? काकू, आजच निघा. उद्यावर टाकू नका."

बॅग भरते आहे. भावोजी गाडी बघायला बोर्लीला गेलेत.

३ डिसें., बुध. पनवेल

काल माणगावमार्गे आलो. चांगुणा आमच्याबरोबर, न विचारता गाडीत बसली, चुलीवरचा भात तसाच ठेवून. वाटेत यांना म्हणाली, "दादूस, माज्यावर रागावलास?" हे म्हणाले, "हो." ती रडवेली झाली. मी सांगितलं, अगं, यांचं हो उलटं असतं. "मग 'न्हाय' बोलला आस्ता तं?" तेही उलटंच धरलं असतं. "मंजे दादूस माज्यावर कवाच रागावू शकत न्हाय!" गाडीवालाही हसला. घाटात हसत होतो आम्ही. यांचा हात माझ्या हातात, आणि मी दर वळणावर विचारत होते, दिसतंय ना? दिसतंय ना?

४ डिसें., गुरु.

तपासण्या झाल्या. डॉ.नी कागदावर मान काढून दाखवली. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी डाव्या बाजूला आतून जवळजवळ बुजली आहे. तिथून बारीक कण सुटतात. कण डोळ्याकडे गेला तर काही मिनिटं डोळ्यापुढे पडदा उतरतो, मग कण विरघळतो, पुन्हा दिसायला लागतं. पुढचा कण डोळ्याकडे जाईल की मेंदूकडे, कुणी सांगू शकत नाही. मेंदूकडे गेला तर उरलेलं बोलणंही जाईल. किंवा सगळंच.

"पेशंट नेमकं असंच सांगतात," डॉ. म्हणाले, "वरून पडदा पडतो म्हणून. यांनी घरी काही सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं, मी म्हटलं.

सांगितलं होतं. सगळ्यांसमोर, हात करून, दोनदा. आम्ही श्रीवर्धन दिलं.

६ डिसें., शनि.

ऑपरेशन करायचं की गोळ्यांवर ठेवायचं? डॉ.च्या मते करावं. पण ऑपरेशनमध्येच झटका येण्याचा धोका थोडा असतो. नीता म्हणते करू. मी म्हटलं, यांना विचारा. यांची मान आहे.

डॉ.नी वाकून विचारलं, "काका, करायचं का?"

"हो."

डॉ. खूश. मी म्हटलं, थांबा. यांना विचारलं, "अहो, तुम्ही बाई आहात का?" हे लगेच म्हणाले, "हो." डॉ. आधी चमकले, मग हसू आवरेना. नर्ससुद्धा. नीता म्हणाली, "आई, प्लीज, सीरियस हो ना." सीरियसच होते मी. यांच्या आत हो आहे की नाही, हे आम्हाला कसं कळणार? इतका मोठा प्रश्न, आणि उत्तराचे दोन्ही शब्द भरवशाचे नाहीत.

यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग डाव्या हाताने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. फार वेळ लागला. कुणी मदत केली नाही. गळा उघडा केला, मान उजवीकडे वळवली आणि डावी बाजू डॉ.समोर धरली.

याहून स्पष्ट हो मी ऐकलेलं नाही.

८ डिसें., सोम.

आत नेलंय. बाहेर बाकावर आम्ही. नीता फोनमध्ये डोकं घालून, पण पडदा काळाच आहे फोनचा.

चांगुणाने पिशवीत सुके बोंबील आणलेत, डॉ.ना द्यायला. गेटवरच्या माणसाने वास कसला विचारलं तर म्हणाली, "आमचं अत्तर." समोरच्या बाकावर पेणकडचं एक कुटुंब, त्यांचा म्हातारा आत. तरणी सून रडते आहे. चांगुणाने तिलाच धरलं: "सांग गो, घरी झोपतो, बाहेर गेला का बुरतो, आन तो बुरला तं आपन तरतो. कोन?" सुनेने डोळे पुसत म्हटलं, नवरा? तो सगळा बाक हसला. नांगर गो, होरीचा नांगर! मग तिच्या सासूने एक घातलं, वालाच्या शेंगेचं. मग कोपऱ्यातल्या मुसलमान चाचींनी एक. नर्स दोनदा ओरडून गेली, तिसऱ्यांदा आली ती उभीच राहिली.

सासूबाईंचा ओटा इथवर आला, असं वाटलं. वारा वाढला की कोडी वाढतात.

मी हसत नाहीये. मी दाराकडे बघते आहे. आत सिस्टर अ‍ॅग्नेसची मूठ.

सायं. पार पडलं. डॉ. म्हणाले, नीट झालं. उजव्या बाजूच्या वाहिनीतही थोडं आहे, पण इतक्यात काही करायचं नाही. लक्ष ठेवायचं. काही वेगळं वाटलं की लगेच कळवायचं.

पेणच्या म्हाताऱ्याचं अजून काही कळलं नाही. निघताना ती सून माझ्याकडे पाहून हसली.

११ डिसें., गुरु.

बोलले! पहिला शब्द "भूक". मग चांगुणाकडे बघून, "वास." ती धन्य झाली.

मला अजून नावाने हाक नाही. "सिस्टर" म्हणतात. लग्नानंतरही चिडवायला म्हणत, मी शिस्तीची म्हणून. आता चिडवताहेत की खरंच नर्स समजताहेत? विचारून उपयोग नाही. हो म्हणतील.

२१ डिसें., रवि. घरी

आलो. वाडीतल्या बायका ओवाळायला. मानेवरचा टाका बघायला पोरांची रांग. भावोजींनी नवी काठी करून आणली, पकडीला नायलॉनचा दोर विणून.

डोळा ठीक. जाळं नाही. बी.पी. ठीक.

संध्याकाळी भावोजी म्हणाले, सारंग, होऊन जाऊ दे. हे तयारच. "पांढरा... रोज मरतो. रात्री... परत." मी ओळखलं होतं, चंद्र. पण तोंडातून निघालं, "पांढरं म्हणजे? डोळ्यापुढे पांढरं दिसतंय? हात वर करा बघू. दोन्ही." हे बघतच राहिले. उजवा हात कसा वर करणार? मी टॉर्च आणला. डोळ्यांत पाहिलं. "हसा बघू," म्हटलं. कुणी हसेना.

चांगुणा भांडी घासायला म्हणून मागे आली. "वयनी, तू हसाची थांबलीस तं आमी कसा हसाचा?"

तिला काय सांगू. यांच्या प्रत्येक कोड्याला आता दोन उत्तरं असतात. एक ओट्यावरचं. आणि एक ते, जे डॉ.ना विचारावं लागतं. दुसरं नाही याची खात्री झाल्याशिवाय मला पहिलं ऐकू येत नाही.

२४ डिसें., बुध.

नाताळची आदली संध्याकाळ. बोर्डिंगातली गाणी गुणगुणत भाकऱ्या भाजल्या. हे मागे येऊन उभे. "घंटा... पोटातली," म्हणाले. भूक? की गाणं? की... मी गॅस बंद करून विचारलं, पोटात दुखतं का? छातीत? कुठे? दाखवा.

यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हळूच. बोलू नको, असं. मग स्वतः तेच गाणं गुणगुणले, सूर सगळे बरोबर, शब्द एकही नाही.

आज टॉर्च काढला नाही.

२८ डिसें., रवि.

ठरवलं होतं, आज हसायचं. चांगुणाने वालाच्या शेंगा, अंडी, चिंबोऱ्या मडक्यात भरून अंगणात पोपटी लावली होती. भांबुर्डीच्या पाल्याचा वास, धूर. नीता सुट्टीला आलेली. भावोजी, चांगुणाचं अख्खं घर. हे मधोमध खुर्चीत, मफलर गुंडाळून. किती दिवसांनी असं.

शेंगा सोलत हे म्हणाले, "मोटर."

सगळे सरसावले.

"मोटर... चालू. थांबत न्हाय." आणि कानाखाली बोट फिरवलं. घूं, घूं, असा आवाज काढून दाखवला. नाडीच्या लयीत. पोरं लगेच घूं घूं करायला लागली.

टग! भावोजी ओरडले. बर्फाचा कारखाना, नीता. चांगुणा म्हणाली माझी सून, रात्री घोरते ती. काय हसले सगळे. सूनही. मीही हसले, जोरात, चांगुणाला दिसेल असं. हेही माझ्याकडे बघून हसले. पण बोट खाली आलं नाही. मानेशीच होतं. उजव्या बाजूला, जिथे चिरलेलं नाही.

"थांबत न्हाय," परत म्हणाले.

नीता म्हणाली, "आई, चांगुणामावशीचा विहिरीवरचा पंप असेल. राहिला असेल चालू."

असेलच. दुपारी बाग शिंपायला लावतात, विसरतात बंद करायला. विहीर इथून मागेच तर आहे. मी शेंगा ताटात ठेवल्या, म्हटलं, बघून येते, आणि चपला घातल्या. मागे चांगुणा बसल्या जागेवरून म्हणत होती, "हरलो दादूस, बोल, कुठला गाव पायजे?"

बागेत अंधारून आलं होतं. नारळांच्या आळ्यांतली माती कोरडी. विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. कान देऊन ऐकलं. मग पंपाला हात लावून पाहिला.

थंड होता. आज लावलेलाच नव्हता.